ध्वनिचित्रणाचे शिक्षण आणि आपला आवाज

माध्यम कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न दलित चळवळीला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा मुंबई-पुण्यात वृत्तपत्रांची वाण नव्हती. वाण होती ती बहिष्कृतांची बाजू मांडणाऱ्या पत्राची. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' निघाले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत तोच विचार भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी पोचवला. कॅसेट स्वस्त झाली तेव्हा प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्ती-वस्तीत वाजू लागले. छपाई असो, जलसा असो की कॅसेट असो, ते तंत्र आपल्यातल्या कोणीतरी शिकून घेतले तेव्हाच ते आपल्या कामी आले.

आज आवाज आणि चित्र टिपणारे यंत्र शेतमजुराच्या खिशातही आहे. त्यामुळे माध्यम आपल्या हाती आले, असा एक समज पसरला आहे. हा समज तपासून घेतला पाहिजे. यंत्र हातात असणे आणि ते वापरण्याचे ज्ञान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्याच्या विषयांना जागा मिळाली आणि ध्वनिमुद्रण, चित्रीकरण व संकलन यांची तोंडओळख साध्या कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही होऊ शकते, अशी स्थिती आली. या विषयाकडे 'सोपे मार्क मिळवून देणारा पेपर' म्हणून पाहिले, तर नुकसान आपलेच आहे. या शिक्षणात काय असते, ते आपण कसे घ्यावे आणि शिकताना कोठे सावध राहावे, याचा येथे विचार करू.

महाविद्यालयातून आलेला एक लघुपट

अशा शिक्षणातून काय घडू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या वडार कुटुंबातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. केले. त्यानंतर अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात ते संज्ञापन शिकले. तेथील अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका मुलाची ती गोष्ट. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे मुंबईचा स्टुडिओ किंवा पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट नव्हे, तर जिल्ह्याच्या गावातले एक महाविद्यालय या प्रवासाच्या सुरुवातीला होते.

त्यांच्या २०१३ सालच्या 'फँड्री'मधला एक प्रसंग विद्यार्थ्यांनी तंत्राच्या दृष्टीने पुन्हा पाहावा. कुटुंब डुकरामागे धावत आहे. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि हाताशी आलेले डुक्कर निघून जाते. या प्रसंगात कोणी भाषण करीत नाही. राष्ट्रगीत गाणारे पडद्यावर समोर नाहीत, त्यांचा फक्त आवाज येतो. तो आवाज धावणाऱ्या माणसांना थांबवतो आणि प्रेक्षकाला जे कळायचे ते कळते. ध्वनी ही चित्राला लावलेली झालर नसून तो स्वतंत्र युक्तिवाद असतो, हे या एका प्रसंगातून शिकता येते.

आधी कान

नवशिका विद्यार्थी कॅमेऱ्याच्या मागे लागतो आणि ध्वनी राहून जातो. प्रत्यक्षात चित्र थोडे अंधारले तरी माणूस पाहत राहतो, पण शब्द कळले नाहीत तर तो ऐकणे सोडतो. त्यातून आपले साहित्य आणि आपला इतिहास मोठ्या प्रमाणात मौखिक आहे. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने पहिला महिना आवाजाला द्यावा.

उदाहरणासाठी एक गाव समोर ठेवू. सारंगखेडा हे शहादा तालुक्यातले, तापीच्या काठावरचे गाव. एकमुखी दत्ताचे मंदिर आणि दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार यांसाठी ते ओळखले जाते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. या भागात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी आणि मराठी अशा अनेक बोली कानावर पडतात. ध्वनिमुद्रण शिकायला याहून चांगली शाळा नाही.

समजा, तापीच्या काठावर एखाद्या म्हातारीची मुलाखत घ्यायची आहे. फोन चार हातांवर धरून मुद्रण केले तर ऐकताना वारा अधिक आणि म्हातारी कमी, असे होते. याचे कारण साधे आहे. मोकळ्या जागेत माइक आणि तोंड यांतले अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने खाली येतो. आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून पहिला नियम असा, की माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. महागड्या कॅमेऱ्यावर दूर बसवलेल्या माइकपेक्षा लुगड्याच्या पदराला लावलेला स्वस्त कॉलर माइक अधिक स्वच्छ आवाज देतो. वारा असेल तर माइकवर फोमची टोपी किंवा केसाळ कापडाचे आवरण घालावे.

दुसरा नियम जागेचा. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो, कारण पत्रा आणि सिमेंटची भिंत ध्वनी परत फेकतात. मऊ वस्तू तो शोषून घेतात. घरातल्या दोन-चार गोधड्या बोलणाऱ्याच्या मागे-पुढे दोरीवर टाकल्या की घुमणे बरेच कमी होते. पंखा बंद करावा. मुलाखत संपल्यावर सर्वांनी अर्धा मिनिट गप्प बसून त्या जागेची शांतता मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांच्या मधले सांधे बुजवायला ती उपयोगी पडते.

तिसरा नियम पातळीचा. आवाजाचा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास खेळता ठेवावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणत्याही यंत्राने पूर्ववत होत नाही. फोनची 'आपोआप' सोय येथे घात करते. बोलणारा थांबला की यंत्र पातळी वर ओढते आणि त्याच्या शांततेत खरखर भरते. खैरात, मजुरी किंवा मारहाण यांबद्दल सांगताना माणूस जेथे थांबतो, तेथे त्याचे थांबणेही साक्षच असते. ती खरखरीखाली जाऊ देऊ नये. फोनमधली गोंगाट कमी करण्याची सोयही हलगी, ढोल किंवा पावा यांच्या बाबतीत बंद ठेवावी. ती मुळात बोलण्यासाठी बनवलेली असते आणि वाद्यालाच गोंगाट समजून ते कापू शकते.

मुद्रण शक्यतो वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करावे. अशा एकेरी ध्वनीला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी, म्हणजे तासाला सुमारे पाचशे वीस एमबी जागा लागते. एमपी३ मध्ये जागा वाचते, पण ध्वनीतला काही भाग कायमचा टाकून दिला जातो. संग्रहासाठी मूळ वेव्ह ठेवावी, पाठवण्यासाठी एमपी३ करावी. आणि मुद्रण चालू असताना कानाला हेडफोन हवाच. जो ऐकत नाही त्याला काय मुद्रित झाले हे घरी जाऊन कळते.

प्रकाश कोणाच्या चेहऱ्यासाठी?

कॅमेरा तटस्थ असतो, असे वर्गात सांगितले जाते. त्याचा इतिहास वेगळे सांगतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका स्त्रीचे छायाचित्र पाठवी. 'शर्ली कार्ड' म्हणून ते ओळखले जाई. ती स्त्री गोरी असे. तिची कांती नीट दिसली की रंग नीट, असे ठरलेले होते. काळ्या कातडीचे चेहरे त्या मापात अंधारात बुडत. म्हणजे 'योग्य रंग' हीसुद्धा कोणीतरी ठरवलेली गोष्ट होती.

आजचा डिजिटल कॅमेराही सबंध चौकटीची सरासरी काढून प्रकाश ठरवू शकतो. सावळा माणूस पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे किंवा उन्हाने भरलेल्या दारात बसवला, तर यंत्र भिंतीचा उजेड कमी करते आणि चेहरा काळा ठिपका होतो. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून प्रकाशमाप तेथे पक्के करावे, भिंत फटफटीत झाली तरी चालेल. माणसाला भिंतीपासून दूर, खिडकीच्या एका बाजूला बसवावे. चेहरा 'उजळ' करणारी सोय बंद करावी. आपल्या माणसाचा रंग दुरुस्त करण्याची गरज नाही, तो नीट दिसण्याची गरज आहे.

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या उजेडात चित्र लवलवू नये म्हणून सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवावे. याहून महत्त्वाची आहे ती कॅमेऱ्याची उंची. जमिनीवर बसलेल्या मजुराचे चित्र उभ्याने घेतले तर तो पडद्यावर लहान आणि लाचार दिसतो. त्याच्यासमोर आपणही जमिनीवर बसावे, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणावा. वर्गात याला 'कोन' म्हणतात. आपण त्याला बरोबरी म्हणू.

सारंगखेड्याच्या यात्रेत, जिला अलीकडच्या वर्षांत 'चेतक फेस्टिव्हल' असे नाव मिळाले, कॅमेरे सर्वाधिक वळतात ते उंची घोड्यांकडे आणि त्यांच्या मालकांकडे. विद्यार्थ्याने तेथे एक दिवस घोड्याकडे न पाहता काम करावे. रात्रभर जागणारा मोतद्दार, नाल ठोकणारा नालबंद, खोगीर शिवणारा, लीद उचलणारी बाई यांतल्या एकाचे पाच मिनिटांचे चित्रण करावे. पूर्ण जागा दाखवणारी एक चौकट, माणूस दाखवणारी एक आणि हात दाखवणारी एक, अशा तीन चौकटींत श्रम कळतात. प्रत्येक चौकट किमान दहा सेकंद हलू न देता धरावी. चौकटीत कोणाला घ्यायचे हा निर्णय तंत्राचा म्हणून शिकवला जातो, पण तो सामाजिक असतो.

कात्री

खरी सत्ता संकलनात आहे. तासाभराच्या मुलाखतीतून आठ मिनिटे ठेवायची म्हणजे बावन्न मिनिटे टाकायची. काय टाकले हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. दलितांवरील अत्याचाराच्या बातम्या या दृष्टीने पाहाव्यात. आईचे रडणे ठेवलेले असते. तिने मागितलेली जमीन, नाव घेतलेला आरोपी, विचारलेला प्रश्न कापलेला असतो. रडणे ठेवले आणि मागणी कापली की नागरिकाचा बिचारा होतो. संकलनाला बसण्यापूर्वी एका कागदावर लिहावे, की या माणसाला काय म्हणायचे आहे. ते वाक्य शेवटच्या आठ मिनिटांत आहे की नाही, हे तपासावे. तयार झालेले काम आधी त्याला दाखवावे, मग शिक्षकांना.

भाषेचेही तसेच. 'आहे' न म्हणता 'शे' म्हणणारी बाई अशुद्ध बोलत नाही, ती अहिराणी बोलते. तिच्या आवाजावर प्रमाण मराठीचा आवाज चढवू नये. तिचा आवाज तसाच ठेवून खाली मराठी ओळी द्याव्यात. त्या ओळी यंत्राकडून काढून घेतल्या तर गावातल्या माणसाकडून तपासून घ्याव्यात, कारण प्रमाण भाषेवर पोसलेले यंत्र बोलीतला शब्द ओळखीच्या शब्दात बदलून टाकते. भिली आणि पावरीसाठी त्या समाजातला विद्यार्थीच भाषांतराला बसवावा आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव द्यावे.

साक्ष, संमती आणि कायदा

कार्यकर्त्यांसाठी काही गोष्टी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ अ आले आणि पीडित व साक्षीदारांचे हक्क नोंदवले गेले. या कायद्याखालील गुन्ह्यांसंबंधीच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रण करावे, अशी तरतूद त्यात आहे. ती आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? तिची मागणी लेखी अर्जाने करता येते.

आपण स्वतः केलेले चित्रण पुरावा व्हायचे असेल तर मूळ फाइलला हात लावू नये. कापणे, नाव बदलणे, संदेशातून पाठवून पुन्हा उतरवणे टाळावे. संदेशातून जाणारी फाइल बहुधा दाबली जाते, म्हणजे ती मूळ राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्यही नोंदवायचे असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. म्हणून मूळ प्रत पहिल्याच दिवशी वेगळी ठेवावी आणि सगळे काम दुसऱ्या प्रतीवर करावे. एकूण तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी.

जे प्रसिद्ध करायचे आहे त्याचा विचार उलट्या बाजूने करावा लागतो. फोन फाइलमध्ये जागेची नोंद ठेवू शकतो. पुराव्याच्या प्रतीत ती उपयोगी, पण प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीत ती साक्षीदाराचे घर दाखवू शकते. तेथून ती काढावी. संमती कागदावरच्या अंगठ्याने पुरी होत नाही. हे कोण पाहील, कोठे दिसेल, उद्या मालकाने पाहिले तर काय, हे बोलणाऱ्याच्या भाषेत सांगावे आणि त्याचा होकार मुद्रित करावा. चेहरा नको म्हणाला तर हात दाखवावेत. नंतर नाही म्हणाला तर काढून टाकावे. चित्रण करून आपण शहरात निघून जातो, गावात राहायचे असते ते त्याला.

वर्गातला गट

आता शिक्षकांशी थोडे. या विषयाचे काम पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटात होते. गटात दिग्दर्शक कोण होतो आणि दिवा कोण धरतो? ज्याच्याकडे महाग फोन, ज्याला इंग्रजी येते, तो दिग्दर्शक. वस्तीतला किंवा पाड्यावरचा मुलगा वायर गुंडाळतो. मुलींकडे निवेदन आणि वेशभूषा येते. अशा रीतीने जातीची आणि लिंगाची जुनी कामवाटणी स्टुडिओत पुन्हा उभी राहते आणि तिला 'टीमवर्क' म्हटले जाते. यावर उपाय नियमाचाच हवा. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात एकदा माइक, एकदा कॅमेरा, एकदा संकलन आणि एकदा दिग्दर्शन केलेच पाहिजे, आणि मार्क प्रत्येक कामाला सारखेच असावेत. साधने महाविद्यालयाची असावीत आणि नोंदवहीवर सर्वांना सारख्या मुदतीने मिळावीत.

शिकणाऱ्याची पात्रता हा अडथळा असल्याचे सांगितले जाते. शेजारच्या गुजरातने ते केव्हाच खोटे ठरवले आहे. १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेत मार्था स्टुअर्ट यांनी सुमारे तीन आठवड्यांचे व्हिडिओ शिबिर घेतले. त्यात भाजी विकणाऱ्या आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही होत्या. बटणे त्यांनी खुणांनी ओळखली, आणि 'व्हिडिओ सेवा' उभी राहिली. तीन आठवड्यांत त्या जे शिकल्या ते सहा महिन्यांच्या सत्रात पदवीच्या विद्यार्थ्याला शिकता येत नसेल, तर दोष विद्यार्थ्यात शोधू नये.

पहिले काम

शेवटी एका निकडीच्या कामाकडे लक्ष वेधतो. सारंगखेडा ज्या शहादा तालुक्यात आहे, तेथे जमीन, मजुरी आणि अत्याचार या प्रश्नांवर भिल्ल शेतमजुरांनी मोठा लढा दिला. अंबरसिंग सुरतवंती त्याचे नेते होते आणि १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. बायकांनी पुढे होऊन दारूचे अड्डे फोडले. या लढ्यावर अभ्यासकांनी लिहिले आहे. त्याच चळवळीतून आलेले वाहरू सोनवणे यांनी आपल्या लोकांचे जगणे भिली आणि मराठी कवितेत आणले. पण सभेत उठून बोललेल्या, मोर्च्यात चाललेल्या असंख्य साध्या बायका-पुरुषांनी काही लिहिले नाही. त्यांच्याकडे आहे तो आवाज. १९७२ मध्ये जी वीस वर्षांची होती ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे.

या परिसरातल्या विद्यार्थ्याने सत्राचा प्रकल्प म्हणून अशा एका व्यक्तीची एक तासाची मुलाखत तिच्या भाषेत मुद्रित करावी. पंखा बंद, मागे गोधडी, माइक वीतभर अंतरावर. तिचे नाव, गाव, भाषा, तारीख आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव फाइलबरोबर लिहावे. एक प्रत तिच्या घरी द्यावी, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाने हे एक वर्ष केले तर वीस तासांचा इतिहास जमा होतो. त्याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. वाट पाहायला त्या बायकांपाशी वेळही नाही.